जाळी माझी हाय

आमच्या कंपनीत फायनल इन्स्पेक्शनच्या टेबलावर एक चाचा बसायचे. सहा वर्षं मी त्यांच्या शेजारी डिस्पॅचला होतो, पण त्यांनी मला एकदाही नावाने हाक मारली नाही. मी लातूरचा, म्हणून मी ‘लातूर’. लेथवरचा ‘सांगली’, स्टोअरमधला ‘खेड’. मॅनेजरना ते तोंडावर ‘साहेब’ म्हणायचे आणि त्यांची पाठ फिरली की ‘नागपूर’. मी एकदा कारण विचारलं, तर म्हणाले, “एका शिफ्टमधी चार गणेश असत्यात. गाव मातर ज्याचं त्याचं असतंय.”

त्यांचं स्वतःचं गाव चिखली. आता जिथे बारा-बारा मजली इमारती आहेत आणि खाली वर्कशॉपचे गाळे आहेत, तिथे त्यांच्या लहानपणी ज्वारी होती. त्यांचे आजोबा बैलांच्या खुरांना पत्र्या ठोकायचे. गावातलं जुनं मुसलमान घर. मराठी माझ्यापेक्षा अस्सल, आणि ते मला ऐकवण्याची एकही संधी सोडत नसत. मी ‘आलोच, निघायलोय’ म्हणालो की मान हलवायचे. “तुमच्याकडली गाडी नुसती निघायलीच असती. पोचत कदी न्हाई.”

कंपनी महाळुंग्यात. आम्ही ब्रेकचे भाग करतो. तयार माल चाचांच्या टेबलावर यायचा, ते गेज लावून बघायचे आणि पेटीवर आपला गोल शिक्का मारायचे. शिक्का बसला की पेटी माझ्याकडे. मी ती बांधून गाडीत चढवायची. नापास मालाला लाल टॅग. दुरुस्त होण्यासारखा असेल तर पिवळा. त्यांचा नियम एकच होता. “जो माल मी माझ्या स्कूटरला लावणार न्हाई, त्येच्यावर माझा शिक्का न्हाई.” महिनाअखेरीला गाडी दारात उभी असायची, नागपूर डोक्यावर उभे असायचे, आणि चाचा चष्मा पुसत बसलेले असायचे. मला त्यांचा भयंकर राग यायचा. माझा ओव्हरटाइम त्यांच्या चष्म्यावर अवलंबून होता.

असा हा माणूस फुटबॉलवेडा होता. आपल्याकडे फुटबॉलचे वेडे म्हटलं की लोकांना कोल्हापूर आठवतं. चाचांचा क्लब मात्र इथलाच, पिंपरीतल्या एका मोठ्या कारखान्याच्या कामगारांनी काढलेला. चाचा सांगायचे, त्या काळी चांगल्या खेळाडूला कारखान्यात नोकरी मिळायची, सकाळी दूध-अंडी मिळायची, सामन्याला कारखान्याची बस यायची. चाचा तरुणपणी त्याच बसमधून बघायला जायचे. स्वतः कधी खेळले नाहीत. “मला पळता येत न्हाई. उभं ऱ्हाता येतं,” असं ते म्हणत. पुढे कारखान्याने हात आखडता घेतला. आधी अंडी गेली, मग बस गेली, शेवटी शर्टावरचं नावही गेलं. क्लब चालवायला उरले एकटे सेक्रेटरी. चिंचवडात त्यांचं हार्डवेअरचं दुकान होतं, आणि क्लबचं ऑफिस म्हणजे त्या दुकानातलं पाइपांमागचं कपाट.

मी त्यात कसा ओढला गेलो ते सांगण्यासारखं नाही. मला रविवारी काही काम नव्हतं आणि खोलीवर पंखा नव्हता. चाचा म्हणाले, “मैदानावर वारा असतोय.” मी गेलो. क्लब तीन-शून्यने हरला. वारा चांगला होता.

मी गेलो तेव्हा पाठीराखे सोळा होते, त्यांत आमच्या कंपनीतले सांगली आणि खेडही. मी सतरावा. हा आकडा चाचांना तोंडपाठ असायचा आणि सामना सुरू व्हायच्या आधी ते बोटाने आम्हाला मोजून घ्यायचे. खेळाडू मोजायचं काम सेक्रेटरींचं. त्यांना ते जास्त जड जायचं, कारण अकरा जमतीलच याची खात्री नसे. प्रशिक्षक चांगला पगार देणाऱ्या एका अकादमीत निघून गेला होता, त्यामुळे गोलकीपरच गोलात उभा राहून सगळ्यांना ओरडून शिकवायचा. शर्ट दोन वेगवेगळ्या वर्षांचे, म्हणून दोघांच्या पाठीवर दहा नंबर. एकाच्या शून्यावर काळी इन्सुलेशन टेप लावून त्याचा अकरा केला होता. घामाने टेप सुटायची आणि मध्येच आमच्या संघात पुन्हा दोन दहा दिसायचे.

हरायची आम्हाला सवय झाली होती, आणि ज्याने त्याने आपापला उपाय शोधला होता. सांगली एकच मोजे घालून यायचा. जिंकेपर्यंत धुणार नाही असा त्याचा पण होता, आणि त्याच्याजवळ कोणी उभं राहत नसे. खेडला गोल झाला की फोन यायचा. म्हणजे फोन येत नसे, पण तो कानाला लावून लांब जायचा. तरुण मुलं मोबाइलवर परदेशातल्या क्लबांचे सामने बघून तोंड गोड करून घ्यायची. चाचांनी तसलं कधी पाहिलं नाही. एकदा मुलांनी फार आग्रह केला तेव्हा म्हणाले, “लई झ्याक खेळत्यात. पण ती माणसं माझ्या हातचा च्या पित्यात का?”

चहा चाचांचा असायचा. मध्यंतराला एका जुन्या स्टीलच्या कॅनमधून दोन्ही संघांना. आधी पाहुण्यांना, मग आपल्यांना. पाहुण्यांनी चांगला गोल केला तर ते टाळ्याही वाजवायचे. त्यावरून सेक्रेटरींचं आणि त्यांचं दर रविवारी एकदा तरी वाजायचं.

सोमवारी कंपनीच्या कॅन्टीनमध्ये लोक मुद्दाम विचारायचे, “काय चाचा, काल किती?”

“पाच-शून्य,” चाचा सांगायचे. “पाच त्यांचे. शून्य आमचं.”

आणि त्याच दिवशी त्यांच्या टेबलाच्या कडेला एक टॅग लटकायचा. कंपनीच्याच छापील टॅगवर रविवारच्या सामन्याचा तपासणी अहवाल. वस्तू: डावा बॅक. दोष: माणूस सोडून बॉलकडे बघतो. कारण: सकाळी पहिली शिफ्ट करून आला. उपाय: शिफ्ट बदलून मिळते का बघणे. हे सगळं वळणदार अक्षरात. एकदा आमच्या फॉरवर्डने रिकामा गोल चुकवला होता. दुसऱ्या दिवशी बघतो तर टॅग पिवळा. मी म्हटलं, “चाचा, ह्याला लाल पाहिजे होता. गोल समोर होता त्याच्या.”

“लाल कुणाला लावतोस? ब्रेकचा तुकडा हाय का त्यो?” ते म्हणाले. “लोखंड भंगारात टाकता येतं. माणसाला फार तर परत करून आण म्हनायचं.”

त्या फॉरवर्डला कधीच लाल टॅग मिळाला नाही, आणि त्याचा नेमही काही सुधारला नाही. दिवसभर मोटारसायकलवरून लोकांच्या घरी जेवण पोचवायचा आणि रविवारी आमच्यासाठी पळायचा.

आता जाळीबद्दल. गोलच्या जाळ्या क्लबने पुरवायच्या असतात, आणि आमच्या दोन जाळ्या चाचांच्या घरी असत. नव्या घेणं क्लबला झेपत नव्हतं. चाचा त्या गोणपाटात गुंडाळून स्कूटरच्या पायाशी ठेवून आणायचे आणि सामन्यानंतर तशाच घेऊन जायचे. गच्चीवर धुऊन वाळत घालायचे. चाची त्याच जाळीखाली मिरच्या वाळवायच्या, म्हणजे पाखरं येत नाहीत. एक कबुतर मात्र एकदा अडकलं, आणि ते सोडवताना चाचांनी जाळी कापायची की कबुतराची वाट बघायची यावर तासभर विचार केला. चाचींनी शेवटी कात्री चालवली. “ह्यांना इचारत बसले असते तर कबुतर म्हातारं झालं असतं,” हे त्या मला अजून सांगतात.

जाळीच्या प्रत्येक चौकोनाला चाचा ‘घर’ म्हणायचे. घर सुटलं की लाकडी सुईने नायलॉनच्या दोरीची गाठ मारून ते पुन्हा बांधायचं. ही गाठ ते इंद्रायणीवर मासे धरणाऱ्या एका म्हाताऱ्याकडून शिकले होते, आणि मला त्यांनी शिकवली. मला शिकायची हौस नव्हती, पण नाही म्हणायची सोयही नव्हती. सामन्याच्या आधी ते दोन्ही गोलांभोवती फिरून प्रत्येक घर बोटाने ओढून बघायचे. हा कार्यक्रम अर्धा-पाऊण तास चालायचा. रेफ्री घड्याळ बघत उभा. मग चाचा त्याच्याकडे बघून मान हलवायचे, आणि सामना सुरू व्हायचा.

गेल्या वर्षीचा मोसम सगळ्यात वाईट गेला. सलग नऊ हरलो. मग दोन बरोबरीत सुटले आणि एक चुकून जिंकलो. शेवटचा सामना जिंकला असता तर वरच्या गटात राहिलो असतो. बरोबरी झाली तरी खाली जाणार होतो. एरवी खाली गेलो तर गेलो. पण एका क्लासवाल्यांनी सेक्रेटरींना शब्द दिला होता, की वरच्या गटात राहिलात तर पुढच्या वर्षीचा सगळा खर्च आमचा, शर्टावर आमच्या क्लासचं नाव. खालच्या गटाला कोण बघतं, असं ते म्हणाले. सेक्रेटरींचं दुकानही आता बरं चालत नव्हतं. त्यांनी आम्हा सतरा जणांना कपाटापुढे उभं करून साफ सांगितलं, “रविवारी जिंकलो तर क्लब आहे. नाहीतर मी शटर ओढणार.” बाहेर आल्यावर चाचांनी स्कूटरला चार किका मारल्या, ती सुरू झाली नाही, आणि ते तिच्यावर तसेच बसून राहिले. पस्तीस वर्षं ते रविवारी दुसरीकडे कुठे गेले नव्हते.

त्याच आठवड्यात कंपनीत ग्राहकाचं ऑडिट निघालं. शुक्रवार ते रविवार दुपार. चाचांना हलता येईना. गुरुवारी त्यांनी जाळ्या माझ्या ताब्यात दिल्या. “लातूर, एका जाळीची डाव्या अंगाची तीन घरं सुटल्यात, खांबाजवळ, खालच्या बाजूला. बांधून टाक. आन रविवारी तूच लाव.”

डिस्पॅचच्या माळ्यावर बसून मी दोन घरं नीट बांधली. तिसऱ्याच्या वेळी सुई चालेना, दोरी संपत आली होती, आणि खाली गाडी हॉर्न वाजवत होती. माझ्या खिशात पेट्या बांधायचे काळे केबल टाय होते. एक लावला, पक्कडीने आवळला आणि मोकळा झालो. अख्ख्या ट्रकचा माल याच टायवर जातो, एक बॉल काय थांबणार नाही, असं मी स्वतःला सांगितलं. आम्हा डिस्पॅचवाल्यांना जगातली कुठलीही वस्तू केबल टायने बांधता येते असंच वाटतं.

रविवारी जाळ्या मी आणि सांगलीने लावल्या. रेफ्री शिट्टी तोंडात धरून उभा असताना चाचा कंपनीच्या गणवेशातच धावत आले. स्कूटर लावली, माझ्याजवळ आले.

“बांधली?”

“बांधली.”

“तीनी?”

“तिन्ही.”

ते जाळीकडे निघाले, मग थांबले. घड्याळ बघितलं. रेफ्रीकडे वळून मान हलवली. मी त्यांना पाच वर्षं ओळखत होतो. न तपासता त्यांनी पास केलेला हा पहिला माल. माझ्या शब्दावर त्यांनी शिक्का मारला होता, आणि मला ते तेव्हाच टोचलं होतं. पण खेळ सुरू झाला आणि मी विसरलो.

ऐंशी मिनिटं शून्य-शून्य. पाहुण्यांना काहीच मिळवायचं-गमवायचं नव्हतं, तरी ते जीव तोडून खेळत होते, आणि मी मनात म्हटलं, घ्या, दुष्काळात तेरावा महिना. मी आणि चाचा पाहुण्यांच्या गोलामागे उभे होतो. आमच्या फॉरवर्डला उजवीकडून पास मिळाला, त्याने आडवं तिडवं पळून एक जोरदार फटका मारला. बॉल खांबाच्या बाहेरून गेला, बाजूच्या जाळीवर आदळला, आणि दुसऱ्या क्षणी आत, गोलात होता.

रेफ्री त्याच्या पाठीमागे होता. त्याला जाळीत पडलेला बॉल दिसला. त्याने शिट्टी वाजवून मध्यरेषेकडे हात केला. गोल.

पुढचं एक मिनिट मी कधी विसरणार नाही. सेक्रेटरी, साठीचा माणूस, मैदानात धावत गेले आणि पडले, आणि पडल्या पडल्या हसत राहिले. सांगलीने ते मोजे काढून हवेत फेकले. पाहुण्यांचा गोलकीपर दोन्ही हात हलवून ओरडत होता, पण गोल खाल्लेला गोलकीपर ओरडतोच, त्याच्याकडे कोण बघतो. मीही उडी मारली. उडी मारून खाली येताना मला ते घर दिसलं. तिसरं. टाय तुटला होता आणि चौकोन दोन वीत उघडा पडला होता.

चाचांनीही पाहिलं होतं. ते खांबापाशी वाकले, गवतात हात घातला. मला वाटलं खुंटी चाचपतायत. मग उठले आणि सरळ मैदानात चालत गेले. सामना चालू असताना त्यांनी कधी चुन्याची रेघ ओलांडली नव्हती.

“साहेब, गोल न्हाई,” ते रेफ्रीला म्हणाले. “बॉल भायरनं आलाय, जाळीतनं. घर उघडं हाय तितं.”

रेफ्रीने त्यांना खालून वर बघितलं. “तुम्ही पाहुण्यांचे का?”

“न्हाई. ह्यांचाच हाय मी.”

“मग?”

“जाळी माझी हाय,” चाचा म्हणाले.

रेफ्री जाऊन बघून आला. गोल रद्द झाला. उरलेल्या दहा मिनिटांत आमचा एकही फटका गोलापर्यंत पोचला नाही. सामना शून्य-शून्य सुटला आणि आम्ही खालच्या गटात गेलो.

सामना संपल्यावर सगळे गोलाजवळ गोळा झाले. सेक्रेटरींच्या पँटीला गुडघ्यावर गवताचा हिरवा डाग होता. ते चाचांपुढे येऊन उभे राहिले. “चाचा, पस्तीस वर्षं मी हा क्लब ओढला. तुम्हाला कोणी विचारलं होतं का? एका तरी माणसाने विचारलं होतं?”

चाचा खांबावरची जाळी सोडवायला लागले.

“जाळी बांधली कुणी होती?” सांगली म्हणाला. त्याने माझ्याकडे बघितलं नव्हतं. खरंच त्याला माहीत नव्हतं. लावली आम्ही असली तरी सुटलेली घरं चाचाच बांधतात असं सगळेच धरून चालत.

“तपासून पास मी केली,” चाचा म्हणाले. “चूक तपासणाऱ्याची असती.”

मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. ‘मी बांधली’ म्हणायला किती वेळ लागतो? मी म्हणालो नाही. मला लाज वाटत होती, भीती वाटत होती, आणि खोटं कशाला बोलू, ठपका चाचांवर गेला म्हणून थोडं हायसंही वाटत होतं. त्या दिवशी त्यांचा चहा कोणी घेतला नाही. कॅन भरलेला परत गेला.

सोमवारी टॅग लागला. लाल. तो टेबलाला नव्हता, स्कूटरच्या हँडलला होता. वस्तू: गोलची जाळी. दोष: एक घर उघडं. कारण: न तपासता पास केली. खाली चाचांची सही. जाता-येता सगळी कंपनी तो वाचायची. नागपूर म्हणाले, “चाचा, काढा आता तो.” चाचांनी काढला नाही. उन्हापावसाने अक्षरं उडाली, मग टॅगही कधीतरी गळून पडला.

क्लासवाले गेले. पाठीराखे चाचांशी बोलेनासे झाले. खेड तर त्यांना बघून खरोखरच फोन करायला लागला. क्लब मात्र बंद झाला नाही. सेक्रेटरींनी चौकशी केली तेव्हा कळलं, क्लब बंद करायचा तरी अर्ज लागतो, सभा लागते, सह्या लागतात. कंटाळून त्यांनी खालच्या गटाचा फॉर्म भरून टाकला. तो सोपा होता.

माझ्याशी चाचा पूर्वीसारखेच वागत होते. फक्त एक नवीन सुरू झालं होतं. मी बांधलेली प्रत्येक पेटी गाडीत चढायच्या आधी ते उघडायला लावायचे. आत बघायचे, टाय बोटाने ओढायचे, पुन्हा बांध म्हणायचे. दिवसाला चाळीस पेट्या. मला वाटलं, ऑडिटवाल्यांनी नवीन नियम काढला असेल. मी मनातल्या मनात ऑडिटवाल्यांना शिव्या घालायचो आणि गुमान बांधायचो.

पुढच्या मोसमाच्या तोंडावर चाचा रिटायर झाले. शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ. इन्स्पेक्टरला आपला शिक्का स्टोअरमध्ये जमा करावा लागतो. चाचांनी तो रुमालाने पुसला, खेडच्या हातात दिला आणि पावती घेतली. टेबल रिकामं झालं. दुसऱ्या दिवशी मी पेटी बांधली आणि सवयीने हात मागे घेऊन थांबलो. कोणी ‘उघड’ म्हणालं नाही. गाडी वेळेवर गेली. मला दिवसभर करमलं नाही.

रविवारी सकाळी मी चिखलीला गेलो. चाची दारातच होत्या. “आला का लातूर? जा वर. बसल्यात जाळीचा संसार मांडून.”

चाचा गच्चीवर जाळी मांडीवर घेऊन बसले होते. हातात लाकडी सुई. मी समोर बसलो. वाटेत वाक्य तीनदा घोकलं होतं, ते सरळ बाहेर पडलं.

“चाचा, गेल्या वर्षी ते तिसरं घर मी बांधलं नव्हतं.”

सुई थांबली नाही. “मग काय केलं व्हतं?”

“केबल टाय लावला होता.”

त्यांनी सुई खाली ठेवली. खिशातून चष्म्याची डबी काढली. चष्मा डोळ्यांवर होता. डबीत एक तुटका काळा टाय होता. तो त्यांनी तळहातावर धरून माझ्यापुढे केला.

“पक्कडीनं ओढलास,” ते म्हणाले. “हे बग. आतला दात मोडलाय. हातानं ओढला असतास तर टिकला असता.”

“तुम्हाला कधी कळलं?”

“रेफ्रीकडं जायच्या आदी. गवतात पडला व्हता.”

“म्हणजे तेव्हाच? मग माझं नाव का नाही घेतलंत?”

“मी नाव कुटं घेतो कुणाचं,” चाचा म्हणाले. पण हसले नाहीत. टाय परत डबीत ठेवत म्हणाले, “राग आलाता. लई राग आलाता, लातूर. पेटी उघडायला लावायचो ना तुला, दर पेटीला वाटायचं, आता बोलंल. आता बोलंल.”

“मला वाटलं, ऑडिटचा नियम आहे.”

“कसलं डोंबलाचं ऑडिट.”

खाली चाची कोणाला तरी ओरडत होत्या. मी जाळीकडे बघत बसलो. डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते लपवावंसं वाटलं नाही.

“तवा तुझं नाव सांगितलं असतं तर त्या सोळांनी तुला परत मैदानावर पाय ठिवू दिला नसता,” चाचा म्हणाले. “तू काय हितला न्हाईस. दुसरीकडं कुटं वारा खात बसला असतास. मी कुटं जानार? मला शिव्या देतील, आन मी रविवारी तितंच उभा आसन. आदीच सतरा हाईत. त्यातला एक कमी करून क्लबचं काय भलं व्हनार व्हतं?”

त्यांनी जाळी माझ्याकडे सरकवली. एकच घर बांधायचं राहिलं होतं. ते तेच होतं की दुसरं, मी विचारलं नाही. मी गाठ मारली. त्यांनी ओढून बघितली, खिशातून ब्लेड काढलं आणि कापली. “परत.” मी परत मारली. तीही कापली. ऊन वर आलं, चाची चहा ठेवून गेल्या, चहा गार झाला. चौथी गाठ त्यांनी दोन्ही हातांनी ओढली, मग उठून पायाखाली धरून सगळ्या वजनाने ओढली. मग ब्लेड खिशात टाकून जाळी गुंडाळायला लागले.

खालच्या गटातला पहिला सामना मागच्या रविवारी झाला. शर्टावर कोणाचंच नाव नव्हतं. मैदान आधीच्याहून लहान, एका बाजूला गुडघाभर गवत. सेक्रेटरी आले होते, चाचांपासून चार हात लांब उभे होते. सांगली आला, धुतलेले मोजे घालून. खेडही आला. जाळी मी लावली. चाचा दोन्ही गोलांभोवती फिरले, एकेक घर ओढून बघितलं. पाऊण तास. रेफ्री वैतागला होता. मग चाचांनी बोटाने आम्हाला मोजलं. चौदा भरलो.

मध्यंतरापर्यंत आम्ही दोन गोल खाल्ले. चहा झाला. सेक्रेटरींनी आधी नको म्हणून हात केला, मग कप घेतला. नंतर आणखी दोन गोल झाले. चौथा तर असा बसला की जाळी फुगून पार मागे गेली, डाव्या अंगाला, खाली, खांबाजवळ. बॉल तिथेच अडकून राहिला. चाचांनी पाहुण्यांसाठी टाळ्या वाजवल्या.

“च्यायला, काय मारला,” सांगली म्हणाला. “जाळी फाटायची आज. बांधली कुणी?”

मी तोंड उघडलं होतं. पण त्याआधी चाचा बोलले.

“लातूरनं बांधली,” ते म्हणाले. “मी तपासली.”